धम्मप्रियाने न जाळलेलं कार्ड

धम्मप्रिया उद्या सकाळी अकरा वाजता नाही म्हणणार आहे. संध्याकाळी नांदेडहून तिचा फोन आला तेव्हापासून हे एकच डोक्यात फिरतंय. विष्णुपुरीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकली, तिथल्या शिवमूर्ती सरांनी तिला बोलावलंय. नवी लॅब उभी राहतेय. बारा कॉम्प्युटर, आणि प्रत्येकात गेल्या वर्षी निघालेलं नवं ग्राफिक्स कार्ड. ती बसवायची, तपासायची, प्रत्येकाचा वेग कुठवर वाढवता येतो ते ठरवायचं आणि पुढे सांभाळायची. या कामाला सरांना दुसरं नाव सुचलं नाही.

"मम्मी, बारा कार्डं आहेत," ती म्हणाली. "माझ्या हातून एक जळालंय. मी सरांना नाही म्हणून सांगणार आहे."

मी म्हणाले, बरं, तुझ्या मनाला येईल तसं कर. मग जेवलीस का विचारलं. तिने हो म्हटलं आणि फोन ठेवला.

ते कार्ड तिच्या हातून जळालं नव्हतं. माझ्या हातून जळालं. हे फक्त मला माहीत आहे, आणि नऊ महिने मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

तिला या कार्डांचा नाद कुठून लागला, हे विचारणारे खूप. माझ्या मते तो तिच्या पप्पांकडून आला. ज्ञानोबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि आत कुठे काय घासतंय ते सांगायचे. त्याच वर्कशॉपमध्ये त्यांचे कान गेले. धम्मप्रिया कॉलेजच्या होस्टेलवर होती तेव्हा एकदा तिने रात्री फोन करून मोबाईल कॉम्प्युटरजवळ धरला आणि पप्पांना कार्डाचा पंखा ऐकवला. त्यांनी मशीन कानात नीट बसवलं, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, बेरिंग चाललंय. आठ दिवसांनी तो पंखा बसलाच. त्या दिवसापासून ती प्रत्येक कार्ड आधी ऐकायची आणि मग आकडे बघायची.

लातूरला परत आल्यावर तिने मागच्या खोलीत काम सुरू केलं. पाटी लावली नाही, तरी लोक यायला लागले. लग्नाचे व्हिडिओ करणारे, घरांचे नकाशे काढणारे, गेम खेळणारी पोरं. तिने मला एकदा समजावून सांगितलं होतं. व्हिडिओ, नकाशे, गेम, पडद्यावरचं सगळं ओझं हे कार्ड ओढतं. कंपनी कार्डाचा वेग ठरवून देते तो थोडा हात राखूनच देते. तो वाढवता येतो, पण प्रत्येक कार्डाचा जीव वेगळा. एकाच खोक्यातून आलेली दोन कार्डंसुद्धा सारखी धावत नाहीत. म्हणून थोडा थोडा वेग चढवायचा, तासनतास चाचणी चालवायची, पडद्यावर ठिपके येतात का बघायचे, आले की मागे यायचं. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेग वाढवायचा तर व्होल्टेज उतरवायचं, नाहीतर कार्ड तापून मरतं. हे सगळं ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून, शेंगदाणे खात सांगायची. मला निम्मं कळायचं. ती बोलत राहावी म्हणून मी विचारत राहायचे.

कार्डांच्या किमतीच्या बाबतीत तर लोक तिच्या शब्दावर थांबायचे. गेल्या वर्षी नवी कार्डं निघाली तेव्हा कंपनीने पंचावन्न हजार जाहीर केले. पण त्या भावाने कुणालाच मिळेना. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, मी दुधाचं लिहिते त्याच चौकटीत, पेन्सिलीने लातूर, नांदेड, हैदराबादचे भाव लिहायची. मुरुडचा बजरंग तेव्हा पहिल्यांदा आला. त्याचा लग्नाच्या फोटोंचा आणि व्हिडिओंचा स्टुडिओ आहे.

"ताई, लातुरात बहात्तर सांगायलेत, हैदराबादेत अडुसष्ट. घिऊ का नगं?"

धम्मप्रियाने त्याला विचारलं, "दादा, तुमच्या वडिलांना सोयाबीनचा मुहूर्ताचा भाव कधी मिळालाय का?"

"न्हाई. त्यो पेपरात छापायला असतोय."

"मग हा पण पेपरातलाच. पंचावन्न खोटा आणि बहात्तरही खोटा. दोन महिने थांबा."

"दोन महिन्यांत लग्नं उरकत्याली, ताई. नवरीचा व्हिडिओ काय तिच्या पोराच्या बारशाला देऊ?"

"द्या की. बारशाचं कामही तुम्हालाच मिळेल."

तो हसला आणि थांबला. एप्रिलच्या शेवटी भाव अठ्ठावन्नावर आला तेव्हा तिनेच त्याला फोन करून आता घ्या म्हणून सांगितलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो सीलबंद खोकं मांडीवर ठेवून, एसटीने, आमच्याकडे आला. सीझनला त्याचा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालणार होता. तेवढा दम कार्डात आहे का, आणि थोडा वेग वाढतो का, हे त्याला तिच्याकडून हवं होतं.

तिने तीन दिवस त्यावर काम केलं. चौथ्या दिवशी सलग चोवीस तासांची शेवटची चाचणी लावली आणि सकाळच्या गाडीने मैत्रिणीच्या साखरपुड्याला नांदेडला गेली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी तिने काढून ठेवली होती. जाताना मला म्हणाली, पंखा ओरडेल, ओरडू दे. दार उघडं ठेव, बाकी कशाला हात लावू नको.

दुपारी त्रेचाळीस अंश होतं. ज्ञानोबा मशीन काढून झोपले होते. तीनच्या सुमाराला तो पंखा असा चढला की मला हॉलमध्ये बसवेना. मी खोलीत गेले. पडद्यावर कोपऱ्यात आकडा होता, एक्क्याऐंशी. मला त्यातलं एवढंच कळत होतं की तो उष्णतेचा आकडा आहे. मला दोन मुलं झाली होती, पहिलं तापात गेलं. हे मी माझी बाजू म्हणून लिहीत नाही. पण तापाचा आकडा वर जाताना बघत बसणं मला जमत नाही.

हॉलमधला लोखंडी कूलर चाकांवर होता. मी तो ओढत आणला, कॅबिनेटच्या उघड्या बाजूला हातभरावर लावला, बोअरच्या पाण्याची बादली ओतली आणि पंखा, पंप दोन्ही फुल केले. पाच मिनिटांत आवाज उतरला. एक्क्याऐंशीचे पंचाहत्तर झाले, मग एकोणसत्तर. मी स्टुलावर बसून आकडा उतरताना बघत होते. मला फार बरं वाटत होतं. आल्यावर तिला सांगायचं, असं मनात ठरवलंही होतं.

कूलर जवळून पाणी मारतो, हे लातूरच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. अंथरूण ओलं होतं म्हणून आपण तो पलंगापासून लांब ठेवतो. ते मला त्या खोलीत आठवलं नाही.

साडेचारला टक् असा बारीक आवाज झाला आणि पडदा काळा झाला. नंतर वास आला. मी आधी कूलर बंद केला, मग भिंतीचं बटण. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर बारीक थेंब बसले होते. ते मी पदराने टिपले. कूलर हॉलमध्ये नेला. मग ओलं फडकं घेऊन फरशीवरचे चाकांचे माग पुसले. ते मी का पुसले, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. थेंब पुसणं घाबरून झालं असेल. चाकांचे माग मी डोकं शाबूत असताना पुसले.

ती आठ वाजता आली. मी म्हणाले, आपोआप बंद पडलं. तिने चपलाही काढल्या नाहीत. कार्ड बाहेर काढलं, टॉर्च लावली. जिथून त्याला वीज मिळते तिथे काळा डाग होता. ती बराच वेळ तो डाग बघत राहिली. तोवर सगळं वाळलं होतं.

"शेवटचे वीस मी द्यायला नको होते," ती म्हणाली. वेगाचे वीस. "पंखा सकाळीच वेगळा वाजत होता. मी ऐकलं होतं, मम्मी. तरी गाडी चुकेल म्हणून निघाले."

मी पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

बजरंग दुसऱ्या दिवशी आला. तो म्हणाला, जाऊ द्या ताई, कंपनीला पाठवू, वेग वाढवल्याचं कशाला बोलायचं. तिने ऐकलं नाही. दुकानात जाऊन सगळं खरं सांगितलं, आणि दुकानदाराने वॉरंटी नाही म्हणून हात वर केले. तिने साठवलेल्या पैशांतून बजरंगला नवं कार्ड घेऊन दिलं. तो घेत नव्हता, तिने जबरदस्तीने त्याच्या पिशवीत घातलं. त्यानंतर जो येईल त्याला ती दारातूनच, मी हे काम बंद केलंय, असं सांगायची. पावसाळ्यात नांदेडच्या एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी लागली आणि ती विष्णुपुरीला खोली घेऊन राहायला गेली.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीत आली होती. मागच्या खोलीत झोपली नाही, हॉलमध्ये झोपली. जेवताना लाईट दोनदा मिचकली, तर उठून तिने घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रीजचंसुद्धा. मोबाईलच्या चार्जरवर तळहात ठेवून बघितला. मग पप्पांच्या कानातल्या मशीनला बोट लावलं, गरम होतंय का म्हणून. ज्ञानोबा हसले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तिच्या तोंडाकडे मी बघत होते, तिथे थट्टा नव्हती.

कॅबिनेट अजून त्याच खोलीत आहे, रिकामं. आतल्या पत्र्यावर पांढरे ठिपके उमटलेत, कूलरच्या जाळीवर बोअरच्या पाण्याने बसतात तसेच. मी लिंबाने घासले, व्हिनेगरने घासले. ते जात नाहीत. धम्मप्रियाने एकदा बॅटरी धरून आत बघितलं असतं तर तिला सगळं कळलं असतं. तिने त्यात परत कधी पाहिलं नाही. आणि दुपारी तीनला मला अजून तो पंखा ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जाऊन बघितलं. आता उठत नाही. पण तो चढत जातो, आणि एका ठिकाणी थांबतो, आणि मला पुढच्या वासाची वाट बघावी लागते. ज्ञानोबांना मी एकदा विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतं का. ते म्हणाले, मला कशाला विचारतेस.

मी का सांगितलं नाही? पहिल्या रात्री भीती वाटली. दुसऱ्या दिवशी बजरंगसमोर लाज वाटली. पण नऊ महिने भीतीने आणि लाजेने जात नाहीत. खरं ते लिहायला मला इतका वेळ लागला.

मी बी.ए., बी.एड. आहे, बावीस वर्षं एका खाजगी शाळेत शिकवलं. आमच्या गल्लीत घरोघरी क्लासची पोरं भाड्याने राहतात. दर निकालाला कुणी डॉक्टर होतं, कुणी बँकेत लागतं, आणि मला विचारलं जातं, धम्मप्रिया काय करते. मागच्या खोलीत पंखे ऐकते, हे मला सांगता यायचं नाही. मी तिच्या मागे लागले होते, बँकेची परीक्षा दे. ती हसून टाळायची. कार्ड जळाल्यावर दोन आठवड्यांनी तिने स्वतःहून बँकेचा फॉर्म भरला. त्या दिवशी मी शिरा केला. तिने खाल्ला, कशासाठी केला ते विचारलं नाही. तेव्हाच बोलले असते तर तिने फॉर्म फाडला असता. मला तो फाटायला नको होता.

एवढंच ते. मुलीचा स्वतःच्या कानावरचा विश्वास गेला आणि मला त्यात तिची सोय दिसली. बँकेत ती लागली नाही. पतसंस्थेतून आल्यावर खोलीवर काय करतेस विचारलं तर म्हणते, काही नाही, बसते.

आता रात्रीचा दीड वाजलाय. सकाळी फोन करीन असं लिहून मी वही मिटणार होते. पण मी स्वतःला ओळखते. सकाळी नळ येईल, ज्ञानोबांचा चहा, गोळ्या, मग नऊला वाटेल की ती आवरत असेल, दहाला वाटेल की रिक्षात असेल, कशाला रस्त्यात त्रास. आणि सव्वाअकराला मी फोन करून विचारीन, काय झालं ग?

या वेळी घरून फोन आला की तिला पप्पांचं काही झालं असंच वाटणार. म्हणून आधी सांगायचं, पप्पा झोपलेत, बरे आहेत. मग मध्ये जेवणाखाण्याचं काही न विचारता पुढचं सांगायचं, पाण्याचं, पुसलेल्या फरशीचं, आणि शिऱ्याचंही. शिऱ्याचं सांगणं सगळ्यात जड आहे, पण ते गाळलं तर ती म्हणेल, जाऊ दे मम्मी, तुला कुठं माहीत होतं. ते मला ऐकायचं नाही.

ती चिडेल. कदाचित महिनाभर माझा फोन घेणार नाही. शिवमूर्ती सरांना नाहीच म्हणेल, असंही होईल. मग ते तिचं म्हणणं असेल.

फोन हॉलमध्ये चार्जिंगला आहे. उठते.