खुर्च्या लावून ठेवा

"तो मागचा पडदा काढ ना जरा," निखिल म्हणाला. "बघू दे सगळ्यांना, तू कुठे बसतेस ते."

पडदा म्हणजे चित्र. व्हिडिओ मीटिंगमध्ये आमच्या प्रत्येकाच्या मागे कंपनीनं दिलेलं चित्र असायचं. काचेची भिंत, कुंडीतलं झाड, पुण्याचं ऊन. मी बसलेली नांदेडकडच्या हिमायतनगरला. चित्र काढलं. मागे कापूस.

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतात. पुढच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. उरलेल्या जागेत माणसं राहतात. माझं टेबल त्या ढिगाला टेकून होतं.

"अरे, ही तर गोडाऊनमध्ये बसते!" निखिल म्हणाला. कुणीतरी विचारलं, काश्मीरला गेलीस का. स्क्रीनवर हसरे चेहरे तरंगत वर गेले. मग निखिल म्हणाला, "आता तुमचं ते म्हणून दाखव ना. हाव. लई. एकदा."

मी म्हणून दाखवलं. आणि हसले. सगळ्यांच्या आधी.

माय दारात तूर पाखडत होती. मीटिंग संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. "तू कामून हसून राहिली व्हतीस?"

मी मागचं चित्र परत लावलं.

काम विम्याच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचं. त्यासाठी कंपनीनं आधी आमची बोली काढून घेतली. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाई'चं 'नाही'. कळमनुरीचा म्हातारा फोनवर माझ्याच भाषेत रडायचा आणि मी त्याला पुण्याच्या भाषेत थांबायला सांगायची. आवाज तपासणाऱ्यांनी एकदा खास कळवलं की तुमचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येतो, घरी स्टुडिओ आहे का? कापसात आवाज घुमत नाही. हे मी त्यांना कळवलं नाही.

आमच्याकडे सर-मॅडम म्हणायची बंदी होती. सगळे समान, सगळ्यांनी नावानं हाक मारायची. निखिल माझा वरिष्ठ, पण माझ्याहून लहान. त्याला नावानं हाक मारायची मुभा होती. बाकी समानता तिथंच संपायची.

साथीच्या दिवसांत कंपनीनं ऑफिसचे मजले सोडून दिले. मालकांनी भाषण केलं. आता कायमचं घरून, आता खेड्यातल्या गुणवत्तेला दारं उघडी, असं काहीसं. मागे सतार वाजत होती. आम्ही विश्वास ठेवला. मी पुण्याची खोली सोडली. पुढं माय शेतात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला उठताना हात द्यावा लागतो. तो हात माझा.

हदगावच्या सलमाआपानं मला हे काम शिकवलं. तिचा नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करतो. गिऱ्हाईक शिव्या देऊ लागलं की आपा फोन कानापासून दूर धरून भाजी चिरायची आणि बरोबर वेळेला "समजू शकते, सर" म्हणायची. तिच्याइतकं कुणाला कधी काही समजलं नाही.

संक्रांतीनंतर माणसं नाहीशी व्हायला लागली.

आधी एक मेसेज यायचा. 'दोन मिनिटं आहेत का?' वरून. पुढं काही नाही. ज्याला तो आला त्याचं नाव संध्याकाळपर्यंत ग्रुपमधून गेलेलं असायचं. लातूरच्या एका पोरीनं सकाळी मुलाच्या वाढदिवसाचा फोटो टाकला होता. दुपारी ती नव्हती, फोटो होता. खाली कुणी काही लिहिलं नाही. 'शुभ सकाळ' मात्र सगळे जास्त लिहू लागले.

नावापुढचा हजेरीचा ठिपका हिरवा राहिला पाहिजे, एवढंच डोक्यात. मी अंघोळीला गेले की माय काठी टेकत येऊन माउस हलवायची. काय हलवतेय, कशासाठी, तिला ठाऊक नव्हतं. चुलीवर दूध ठेवल्यासारखी ती त्याच्यावर नजर ठेवायची.

मग मालक पुन्हा स्क्रीनवर आले. आपण एक कुटुंब आहोत, म्हणाले. कुटुंबानं एका छताखाली असावं. एप्रिलपासून सगळ्यांनी पुण्याच्या नव्या ऑफिसात यायचं; ज्यांना जमणार नाही त्यांचा निर्णय कंपनी आदरानं स्वीकारेल. मग नव्या ऑफिसची सैर. कॅमेरा हळूहळू फिरत गेला. झोपाळा. कॉफीचं यंत्र. भिंतीवर 'स्वप्न' हा शब्द, दिव्यांनी लिहिलेला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली.

मी खुर्च्या बघत होते.

एक दालन झालं, दुसरं झालं, आणि सैर संपली. स्वप्नाला अख्खी भिंत दिली होती. पण आम्ही निम्मेसुद्धा तिथं मावलो नसतो.

बोलावत होते सगळ्यांना, आणि बसायला जागा केलीच नव्हती. म्हणजे आम्ही येणारच नाही, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. माझी माय, आपाचं घर, आमच्यातल्या इस्लापूरच्या पोरीचं तान्हं लेकरू, हे सगळं त्यांच्या हिशेबात आधीच होतं. कुणाला काढावं लागणार नव्हतं. आम्ही आपल्या हातानं जाणार होतो, वर माफीही मागणार होतो.

दुसऱ्या दिवशी मला तो मेसेज आला. 'दोन मिनिटं आहेत का?'

निखिल गोड बोलला. तू कामाची आहेस, तुझ्या आईचं मला ठाऊक आहे, तुला ऑफिस माफ. मी आभार मानणार इतक्यात तो म्हणाला, "फक्त एक कर. तुमच्या नांदेड-लातूरच्या मुलींना तू फोन कर. तुमच्या त्या भाषेत. माझा फोन गेला की त्या घाबरतात, तुझं ऐकतील. म्हणावं, स्वतःहून राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहतं. सलमापासून सुरू कर."

तुमच्या त्या भाषेत. जी म्हणून दाखवताना मी हसले होते, तीच आता गळा कापायला हवी होती.

त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली आणि कापूस गेला. भाव तसा आलाच नव्हता, पण मायला खोली मोकळी हवी होती. मी आपाला फोन लावला तेव्हा माझाच आवाज भिंतींवरून परत येत होता.

"तू हाय होय," आपा म्हणाली. "मला वाटलं दोन मिनिटंवाला. जीव धसकला बघ." मी घरचं विचारत बसले, त्यावरून तिनं ओळखलं असावं. "बोल बाई. घुमवू नको, सीधी बात कर."

मी सीधी बात केली. निखिलनं काय सांगितलं ते. खुर्च्यांचं. आणि म्हणाले, "आपा, काहीच लिहून देऊ नको. आपण समद्या पुण्याला जाऊ."

मागे शिलाई मशीन चालू होती, ती बंद पडली. "अन् तुला जे माफ झालंय, त्याचं काय?"

"ते मला नको."

"लई महाग पडंल तुला."

"हाव," मी म्हणाले.

मग एकेकीला फोन केले. काही रडल्या. एकीनं मला वेड्यात काढलं. पण शेवटी यायला सगळ्या तयार झाल्या, आपासुद्धा. इस्लापूरची म्हणाली, लेकरू काखेत घेऊन येते, मग बघू कुटुंब कसं असतं ते.

पुढच्या मीटिंगला मी मागचा पडदा लावला नाही. मागे रिकामी भिंत, तिच्यावर कापसाचे चिकटलेले तंतू. निखिलनं विचारलं, सगळ्यांच्या समोर, पण मलाच कळेल असं, की माझं ते काम झालं का.

"झालं," मी म्हणाले. "म्या सांगितलं, राजीनामा कुणी लिहून द्यायचा न्हाई. आम्ही समदे पुण्याला येऊन राहिलो. खुर्च्या लावून ठेवा."

कुणी हसलं नाही. निखिलचा चेहरा हलायचा थांबला. मला वाटलं नेट गेलं. नेट होतं.

माझा ठिपका अजून हिरवा आहे. उद्या असेल असं नाही. शेजारची काकू मायला सकाळ-संध्याकाळ हात द्यायला तयार झाली आहे. किती दिवस, ते मी विचारलेलं नाही. पिशवी भरताना माय भिंतीला धरून उभी होती.

"जा," ती म्हणाली. "पर तिथं हसू नको."

नाही हसणार. खुर्ची नसेल तर उभी राहीन, दिव्यांनी लिहिलेल्या त्या शब्दाखाली, दिवसभर. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं, त्यांच्या हातानं, माझ्या तोंडाकडे बघून. माझा हात त्यांना मिळणार नाही. जीभ तर नाहीच नाही.