डावा पाय

त्याला सगळे पिकअप म्हणायचे. खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. ‘गाडी पिकअप घेत नाही’ हे रडगाणं घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांवर त्याचं पोट चालायचं, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यातही ऑटोमॅटिक गाड्यांचं काम त्याच्याकडे जास्त. माणूस तिरसट होता. जिभेवर साखर म्हणून नव्हती, तरी लोक लांबून यायचे.

त्याची एक रीत होती. गाडी आली की आधी स्वतः चालवायची नाही. मालकाला चालवायला लावायचं, आपण शेजारी बसायचं आणि रस्त्याकडे न बघता मालकाच्या पायांकडे बघायचं. मालक भांबावून जायचे. ‘‘गाडी पळत नाही म्हणता आणि पेडल असं दाबता, जसं काही खाली कोणाचं बाळ झोपलंय,’’ असं तो तोंडावर बोलायचा. एका बाईंना दुसऱ्या गॅरेजने गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता. ह्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं, खाली वाकला आणि अॅक्सिलरेटरखाली घुसलेली पायपुसणी ओढून काढली. बाई लाजल्या. हा हसलासुद्धा नाही.

ही रीत त्याने एकाच माणसासाठी मोडली, आणि त्याच माणसासाठी मोडायला नको होती.

त्याच्या मोठ्या भावाची गाडी पिकअप घेईनाशी झाली. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून स्टिअरिंग धरलं आणि धाकट्याला शिकवून कामाला लावलं. आता दादाचे केस पांढरे झाले होते, पण सकाळी गल्लीतली मुलं गोळा करून शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची, हा त्याचा नेम चालूच होता. मुलं त्याला गाडीकाका म्हणत. क्लचच्या गाडीने गुडघा धरतो म्हणून त्याने अलीकडे ऑटोमॅटिक घेतली होती.

‘‘दाबतो, पण उचलतच नाही बघ,’’ दादा म्हणाला. ‘‘मागून लोक हॉर्न मारून जीव खातात.’’

आता ज्याने आपल्याला गाडी शिकवली, त्याच्या शेजारी बसून त्याचे पाय काय तपासायचे! पिकअपने किल्ली मागून घेतली आणि स्वतःच चक्कर मारून आला. गाडी बाणासारखी सुटली. तरी त्याने एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल साफ केलं, गिअरबॉक्सच्या ऑईलची पातळी बघितली. ऑईल बोटावर घेऊन हुंगलं, जळका वास नव्हता. स्कॅनर लावला तर कसलीच चूक दाखवेना. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मात्र झिजून पत्र्याला आले होते.

‘‘काय रे दादा, घाटात घर घेतलंस की काय?’’ म्हणत त्याने तेही बदलून टाकले. दादा कसंनुसं हसला.

थोड्या दिवसांनी दादा पुन्हा आला. तीच तक्रार. पिकअपने सेन्सर बदलला, सायलेन्सर चोंदलाय का तेही पाहून झालं. पुन्हा स्वतः चालवली, पुन्हा मस्त पळाली. आता त्याचं डोकं फिरलं. ‘‘तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे,’’ तो खेकसला. दादा गाडीत बसला आणि निघाला.

गॅरेजसमोर छोटासा चढ होता. पिकअप हात पुसत बघत राहिला. गाडी कण्हत कण्हत चढत होती आणि तिचे मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लालभडक पेटलेले होते. चढावर कोण ब्रेक दाबतं? तो फडकं टाकून धावत सुटला. चढ संपता संपता त्याने गाडी गाठली, दार उघडून दादाच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, ‘‘चालव.’’

‘‘आता कुठे?’’

‘‘सरळ. चालव तू.’’

दादाचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता, आणि डावा ब्रेकवर. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काही कामच नसतं, तो बाजूला ठेवायचा असतो. दादाचा मात्र ब्रेकवर टेकलेला होता, घट्ट. ह्या गाडीत दोन्ही पेडलं एकदम दाबली की आतला कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनाचा गळा आवळतो. गाडी जे करत होती ते बरोबरच करत होती.

‘‘डावा पाय काढ,’’ पिकअप म्हणाला.

दादाने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

‘‘उजव्या तळव्याला काही कळत नाही रे,’’ तो म्हणाला. ‘‘पेडल लागलंय की नाही, तेच समजत नाही. एकदा ब्रेक समजून भलतंच दाबलं. पुढे एक सायकलवाली होती. वाचली. तेव्हापासून हा डावा पाय ब्रेकवरच ठेवतो. मागे पोरं बसलेली असतात.’’

गाडीत काही बिघाड नव्हता. बिघडलं होतं ते पिकअपला दुरुस्त करता येणार नव्हतं. दादाला सगळं ठाऊक होतं, तरी गाडीत काहीतरी सापडेल ह्या आशेवर तो पुन्हा पुन्हा येत होता. आणि पिकअपने त्याला मनाचे खेळ म्हटलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

‘‘डॉक्टरला दाखवलंस?’’

‘‘दाखवलं. साखरेने नसा गेल्यात म्हणाला. परत येत नाहीत.’’ मग दादा घाईघाईने म्हणाला, ‘‘पण तू एकदा गिअरबॉक्स उघडून बघ ना. असेल काहीतरी आत.’’

लहानपणी दादाकडे काही मागितलं की तो नाही म्हणत नसे. आज दादा मागत होता.

‘‘उघडतो,’’ पिकअप म्हणाला. ‘‘किल्ली दे.’’

संध्याकाळी त्याने वहिनींना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘भावोजी, पोरांच्या घरी मी कळवते. ह्यांना मात्र तुम्हीच सांभाळा.’’ दुसऱ्या दिवशी त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि गिअरबॉक्स खाली उतरवला. एकेक भाग सुटा करून धुतला, पुसला, जुन्या चादरीवर मांडला. सगळे भाग नव्यासारखे होते.

त्यानंतर शाळा सुटायची वेळ झाली की दादा चालत गॅरेजमध्ये यायचा. घरी बसवत नसे. उजवा पाय जपून टाकत यायचा आणि चादरीशेजारच्या स्टुलावर बसायचा. बाहेर मुलांचा गलका व्हायचा, तिकडे तो मान वळवायचा नाही.

‘‘सापडलं का रे काही?’’ एक दिवस त्याने विचारलं.

‘‘बघतोय अजून,’’ पिकअप म्हणाला, खालमानेने.

दादाने चादरीवरची एक स्वच्छ चकती उचलली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि होती तिथे ठेवून दिली.

‘‘बघ बघ,’’ तो म्हणाला. ‘‘घाई करू नकोस. जोडायची तर मुळीच नको.’’