कोनाड्यातली बोळकी

होळीच्या साखरहाराची किंमत माझ्या दुकानात दोन पैसे होती. तसला एक हार माझ्या लेकीला, तारीला, दोन पक्क्या दाढांना पडला, आणि यमुनाअक्कांना जळगावच्या नऊ वर्षांच्या नोकरीला. मी मात्र त्याच वर्षी दुकानाला नवी पाटी लावली.

अक्कांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवसमितीच्या छापील विनंतीपत्रात ‘अक्का म्हणजे जळगावाने धुळ्याला दिलेली देणगी’ असे सुंदर वाक्य आहे. माझ्याकडेही चार शब्द मागितले आहेत. ते आठवतील तसे देतो.

मी नशिराबादेहून डोक्यावर पाटी घेऊन गुडदाणी विकत जळगावात आलेला माणूस. अक्का मुलींच्या शाळेवर आल्या, तेव्हा शाळेसमोर माझे स्वतःचे दुकान उभे राहिले होते. पहिल्याच आठवड्यात त्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, गिऱ्हाईक.

“भाऊ, मधल्या सुट्टीला भाजलेल्या शेंगा ठेवाल का?”

“शेंगा घरोघर शेतस, अक्का! मनी साखरले नाही म्हननारं पोर आजून जलमले येवानं शे.”

अक्का हसल्या. “साखर बंद करा असं कुठं म्हटलं मी? शेंगाही ठेवा म्हटलं.”

मी ठेवल्या नाहीत. पण शाळेची खिडकी दुकानासमोरच होती आणि माझे कान पहिल्यापासून तिखट, त्यामुळे अक्कांचे शिकवणे मला फुकटात ऐकायला मिळे. वर्गातल्या कोनाड्यांत त्यांनी मुलींची मातीची बोळकी मांडली होती, प्रत्येकीवर खडूने नाव. घरून आलेला गोड खाऊ आपापल्या बोळक्यात ठेवायचा आणि शनिवारी शाळा अर्ध्यावर सुटली की उघडायचा. अक्कांनी कुणाच्या बोळक्याला कधी हात लावला नाही. शनिवारच्या आधी एखादी चुळबुळू लागली की विचारीत, “कोण मागतंय गं, पोट की जीभ?”

“जीभ, अक्का.”

“मग जिभेला सांग, शनिवार परवा आहे. आणि पोटाने मागितलं, तर डब्यात भाकरी आहे.”

एकदा मी त्यांना म्हटले, “सरळ मनाई का करत नाही?” त्या म्हणाल्या, “मनाई केली तर लपून खातील, भाऊ. लपून खाणाऱ्याला किती खाल्लं ते कळत नाही.”

तारीला आई नव्हती. मी उपाशी वाढलो, म्हणून तिच्यासाठी दुकानातली बरणी सदा उघडी. दहा वर्षांची पोर, बत्तासे खाऊन भाकरीकडे पाहत नसे. अक्कांच्या वर्गात गेल्यावर दोन महिन्यांत कळण्याची भाकरी आणि भरीत मागून खाऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता.

होळी आली. तारीला मामाकडून आणि शेजाऱ्यांकडून चार हार मिळाले, पाचवा माझा. तिने पाचही शाळेत नेऊन बोळक्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी बाजारात आवाज आला, “शेटनी पोर बापना माल खात नई! साखरमा काय टाकस रे भो?”

हसणे थांबेना. मी शाळेत गेलो, तारीला हाताला धरून आणले. येताना बोळक्यातला माझा हार उचलला. तो तिच्या गळ्यात घातला, तिला दुकानाच्या ओट्यावर बसवले आणि बाजारादेखत सगळा हार खायला लावला. तारी एवढेच म्हणाली, “बापू, शनवार नई ना आज.” दाढा तिच्या आधीच किडल्या होत्या. मला ते ठाऊक नव्हते, अक्कांना होते.

त्याच संध्याकाळी मी शाळाखात्याकडे अर्ज लिहिला, की या बाई पोरींना सणाचा हार खाऊ देत नाहीत, हा धर्माचा अपमान आहे. पहिली सही माझी. बाकीच्या मिळायला फार फिरावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी तारीचा गाल सुजला. दवाखान्यात दोन दाढा काढल्या. मग पंधरा दिवस अक्का रोज ज्वारीची पेज आणि कुस्करलेले केळे घेऊन येत होत्या. अर्जाची बातमी त्यांना लागलेली होती. मी काही बोलू लागलो तर म्हणाल्या, “भाऊ, आधी पोरीचं तोंड उघडू द्या.” अर्ज मागे घ्यायला तेवढे पंधरा दिवस माझ्या हातात होते. मी घेतला नाही. बाजार पुन्हा हसला असता.

बदलीचा हुकूम धुळ्याचा आला. स्टेशनावर अक्कांनी तारीच्या हातात तिचे बोळके दिले. आत चारही हार जसेच्या तसे होते. मागाहून शाळेतली बाकीची बोळकी उकिरड्यावर गेली, आणि माझा धंदा वाढला.

तारी धुळ्यातच दिली. तिची मुलगी अक्कांच्याच शाळेत आहे. तारी तिचे नाव घालायला गेली, तेव्हा अक्कांनी विचारले, “भाऊ बरे आहेत ना?” भाऊ फाटकाबाहेर टांग्यात बसून होते. गेल्या होळीला नातीच्या गळ्यात मी हार घातला. तिने एक पदक मोडून तोंडात टाकले आणि बाकीचा हार उतरवून ठेवला. “आजा, बाकीना शनवारले.” तारी शेजारी जेवत होती, एकाच बाजूने चावत. उजव्या बाजूने तिला अजून चावता येत नाही.

अक्कांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे दात, डोळे आणि ‘पोट की जीभ’ विचारणारा तो आवाज शाबूत राहोत, आणि धुळ्याच्या कोनाड्यांत दरसाल नव्या नावांची बोळकी मांडली जावोत. जळगावाच्या त्या ‘देणगी’विषयी मात्र एवढेच सांगायचे, की त्या अर्जावर माझ्याखाली ज्यांनी सह्या केल्या, त्यांपैकी चौघे आज गौरवसमितीवर आहेत.