लॅपटॉप उठवणारे अण्णा

झोप आणि मृत्यू यांतला फरक ओळखता येणं, ही मानवी ज्ञानाची अखेरची पायरी असावी. आमच्या कंपनीतल्या अण्णांनी ती गाठली होती. बंद पडलेल्या लॅपटॉपच्या पोटाखाली ते तळहात घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मेलं नाही ओ, झोपलंय." बऱ्याचदा ते मेलेलं असायचं.

नव्वदच्या दशकातले लॅपटॉप तुम्ही वापरले असतील, तर आठवत असेल. वीज वाचवायला ते स्वतःहून झोपत. उठणं मात्र त्यांच्या मर्जीवर. चामराजपेटेतल्या आमच्या ऑफिसात त्यांना उठवणं हे अण्णांचं काम. अण्णा बेळगावचे. मराठीत समजूत घालत, कानडीत रागावत, दोन्ही मशीनला उद्देशूनच.

ते सहा-सहा महिन्यांच्या करारावर होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्यात, दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. नोकरी कायम झाली की बायको आणि मुलगी बेळगावहून येणार होत्या. मुलीच्या शाळेचा कोरा अर्ज ते खिशात घेऊन हिंडत.

त्या वर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेला डायरेक्टरसाहेबांनी आपल्या नव्या लॅपटॉपची पूजा स्वहस्ते केली. आधी "यंत्र आणि अध्यात्म" यावर भाषण. मग फुलं, ओलं गंध, कुंकू. सढळ हातानं.

सुट्टी संपली आणि लॅपटॉप उठेना. बटण दाबलं की दिवा लागे, पडदा क्षणभर उजळे, की पुन्हा झोप. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांना त्याच्यावरच आमचं काम दाखवायचं होतं.

"उद्या हे झोपलं," साहेब अण्णांना म्हणाले, "तर तुम्हीही बेळगावला जाऊन झोपा."

अण्णांनी पुन्हा पुन्हा उठवून झोपेच्या सगळ्या सेटिंग बंद केल्या. बॅटरी बदलली, चार्जर बदलला. "स्वल्प थांबा सर," एवढंच म्हणत होते. दुपारी त्यांनी बिजागरीजवळ नाक नेलं आणि तसेच थांबले. तिथं झाकणाचं बारीकसं बटण असतं. झाकण मिटलं की ते दाबलं जातं आणि सेटिंग काहीही असो, मशीन झोपतं. ते आत रुतलं होतं. कडेला लालसर खपली.

साहेब मागेच उभे होते. "काय झालंय?"

"बटण अडकलंय साहेब. उघडं असून मशीनला वाटतंय, झाकण बंदच हाय."

"कशानं अडकलं?"

अण्णांनी टाचणीनं खपली उकरली. लाल झालेलं बोट पँटला पुसलं.

"धुळीनं."

"मग रोज पुसत जा की!" साहेब कडाडले. मशीन टक्क जागं झालं होतं.

मी नंतर विचारलं, "अण्णा, खरं का नाही सांगितलंत?"

"खरं सांगून ते जास्त जागं झालं असतं काय ओ?"

पाहुणे खूश झाले. पंधरा दिवसांनी अण्णांना कायम केल्याचं पत्र आलं. शाळेचा अर्ज त्यांनी माझ्याच टेबलावर भरला. मुलीचं नाव त्यांनी दोनदा गिरवलं.

काही वर्षांनी येलहंक्यातच नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी आमची कंपनी सोडली. निरोप समारंभात साहेब साडेचारला उभे राहिले आणि "ऊर्जेचा मूक साधक" या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. शाल द्यायला अण्णांचं नाव पुकारलं तेव्हा कुणी उठलं नाही. येलहंक्याची बस सव्वापाचला होती.