भाजीत बुडवलेला दोरा

माझ्या नातवंडांनो,

तुमच्यातली थोरली आता मेंदूतल्या गाठींच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआयने अभ्यास करते. परवा फोनवर तिने विचारलं, "आजी, तुझ्या गाठीचेही असे फोटो काढले होते ना? घाबरली होतीस?" "छे, भीती कसली!" म्हणून मी पावसापाण्याचं विचारलं. फोन ठेवला आणि लाज वाटली. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शिकवता शिकवता डाव्या हातातलं पुस्तक गळून पडू लागलं. मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. शेवटी मुंबई गाठली. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "शिरेतून औषध सोडून एमआरआय करू. गाठीला रक्त कुठून येतं, किती येतं, ते कळल्याशिवाय मी डोकं उघडणार नाही. रक्तस्राव आवरला नाही तर कठीण होईल."

"म्हणजे बांडगूळच की हो!" तुमचे आजोबा आपल्या रत्नागिरी हेलात म्हणाले. "आमच्या कलमांवर येतं. रस कुठून ओढतंय ते बघूनच कोयती घालायची."

डॉक्टर हसले, दारातली माणसं वळून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, हा दवाखाना आहे, बाग नव्हे," असं त्यांना दटावून पुढचं सगळं मी डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. तुमचे आजोबा मांडीवरच्या डब्याचं फडकं सारखं करत बसले.

त्याच दुपारी मशीनच्या खोलीबाहेर तिथली मुलगी म्हणाली, "काकू, धातूचं सगळं काढा. मंगळसूत्रपण."

बांगड्या काढल्या, जोडवी काढली. मंगळसूत्रापाशी हात थांबला. वटपौर्णिमेला वडाभोवती दोरा गुंडाळणाऱ्या शेजारणींना हसणारी मी, गळा घट्ट धरून उभी राहिले. 'आज हे उतरलं आणि मी आतून परत आलेच नाही तर?' एवढंच डोक्यात होतं. मुलीने दोनदा समजावलं. मग म्हणाली, "काकू, मागे पेशंट थांबलेत. नसेल करायचं तर पुढची तारीख घ्या." मला रडू फुटलं. बाकावरची माणसं बघत होती.

आजोबा उठले. डब्याच्या फडक्याला बांधलेला दोरा त्यांनी सोडला, डबा उघडला आणि तो दोरा बटाट्याच्या भाजीत बुडवून पिळला.

"अहो, हे काय करताय?"

"हळद आहे त्यात. मान खाली कर."

"लोक बघतायत!"

"बघूदेत. मघाशी मी बोललो तेव्हापण बघत होते."

बागेत कलम बांधावं तशा सावकाश हातांनी त्यांनी तो माझ्या गळ्यात बांधला. मंगळसूत्र स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलं. "जा आता. आणि आत इंग्रजीत रडू नको, मराठीत रड, म्हणजे त्या पोरीला कळेल."

मशीनच्या त्या धडधडाटात मी निपचित पडले होते. नाकाशी हिंग-मोहरीचा वास येत होता.

गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फोटोंत नीट दिसल्या. डॉक्टरांनी आधी त्या बंद केल्या, मग गाठ काढली. डावा हात बराचसा परत आला. त्या दिवशी दटावल्याबद्दल मी आजोबांना कधीच काही म्हटलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. आता ते नाहीत, आणि माझा गळा मोकळा आहे.

एमआरआयच्या फिल्म इथल्या दमट हवेने एकमेकींना चिकटून खराब झाल्या. दोरा कपाटात आहे. त्याचा पिवळा रंग अजून थोडा दिसतो.