चार पदरी टॉवेल

घरी फोन करायचं कॉलिंग कार्ड घ्यायला मी दर शनिवारी इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या ज्या एशियन दुकानात जायचो, तिथे तो हमखास भेटायचा. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा इंग्रज. खांद्यावर तांदळाची गोणी, हातात थाई बायकोनं तिच्या लिपीत लिहिलेली यादी. ती त्याला वाचता येत नसे. तो ती अभिमानानं दुकानदारापुढे धरायचा.

एकदा रांगेत मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात माझी बायको येतेय पुण्याहून. फ्लॅटच्या भिंती मात्र अगदी पातळ आहेत."

त्यानं गोणीच खाली ठेवली. "खलबत्त्याखाली टॉवेल घाल, चार पदरी! पहिल्या वर्षी मी हिला सांगायचो, मिरच्या हळू कूट, शेजारी ऐकतात. तिनं कुटणंच सोडलं. घर इतकं गप्प झालं, की शेवटी मीच टॉवेल घेऊन गेलो. आता दारात आल्यावर खलबत्त्याची ठकठक ऐकू आली नाही, तर बूट काढायच्या आधी तिला हाक मारतो."

"आमच्याकडे मिक्सर आहे," मी ऐटीत म्हणालो. तो नुसता हसला.

हीथ्रोवर बायकोची बॅग उचलता उचलेना. "रागावू नकोस हं," ती म्हणाली, "आईचा लोखंडी खलबत्ता आणलाय."

मी इतका मोठ्यानं हसलो, की लोक वळून बघायला लागले. घरी पोचल्यावर चहाच्या आधी टॉवेल शोधला.