कोऱ्या कपाळाचे आठ फोटो

माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली, एका लहान पाकिटात आठ फोटो आहेत. आठही एकसारखे. पांढऱ्या पडद्यापुढे बसलेली साठी ओलांडलेली बाई, कान उघडे, तोंड मिटलेलं, कपाळ स्वच्छ. घरात कुणाच्या हाती पडले तर ‘ही कोण?’ असं विचारतील, आणि मग ही माझी आई आहे हे मला सांगावं लागेल. म्हणून ते दडवून ठेवलेत. फाडून टाकायला हात धजत नाही. आईचा फोटो फाडू नये, एवढं तरी मला कळतं.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीवर बसते. वीस वर्षं पोरांचे अर्ज तपासतेय. ‘फोटो जुना आहे’, ‘सेल्फी चालत नाही’, ‘हा तूच का, मग तुझ्यासारखा का दिसत नाही’ असं म्हणून किती पोरं परत पाठवली त्याची मोजदाद नाही. माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या ऑफिसला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराही होता.

धाकटी बहीण परदेशात असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानाला बंदी केली. आम्ही दोघी फोनवर हळहळत बसलो होतो, तेव्हा आईनेच निकाल लावला. “ती येत न्हाय तर माहेरानं जावं की तिकडं.”

आई मोडनिंबजवळच्या वस्तीवर वाढलेली. विमान तिने पाहिलं ते शेतातून मान वर करून. पण दुसऱ्याच दिवशी डिंक, खारीक, अळीव घरात आले. शेंगाची चटणी तिने मिक्सरला हात न लावता उखळात कुटली, कारण ‘मिशीनची चटणी तेल सोडत न्हाय’. बहिणीचे दिवस भरायला दोन महिनेही उरले नव्हते. बाळाच्या आधी आई तिथे पोचली पाहिजे, एवढंच आम्हा तिघींच्या डोक्यात होतं. पासपोर्ट मागच्या वर्षीच काढून ठेवलेला. राहिलेलं व्हिसाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

फोटोचे नियम मी छापूनच घेतले. दोन इंची चौकोन, मागे पांढरं, चष्मा नको, हसू नको, दोन्ही कान दिसावेत, डोक्यावर पदर नको. शेवटी लिहिलं होतं की फोटोत कसलाही फेरफार चालणार नाही. त्या ओळीखाली मी पेनाने रेघ मारली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता गोंदणाचं सांगते. आईच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके आहेत, हनुवटीवर आणखी एक ठिपका. सात-आठ वर्षांची असताना गावच्या जत्रेत गोंदून घेतलेलं. हिरवट काळं, आता जरासं पसरलेलं. मी चौथीत असताना ती आमच्या शाळेच्या गॅदरिंगला येणार होती. बाकी पोरींच्या आया चमकत्या टिकल्या लावून येत. आईचं कुंकू ठसठशीत होतं, त्याची मला लाज नव्हती, पण त्याखालचं ते हिरवं मला डोळ्यांपुढे नको होतं. निघताना मी पावडरचा डबा घेतला आणि तिला खाली बसवलं. ती बसली, तोंड माझ्याकडे केलं, डोळे मिटले आणि मला हवी तेवढी पावडर थापू दिली. गोंदण काही झाकलं नाही. उलट गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी ती दिसायला लागली, आणि मीच भोकाड पसरलं. आईने पदराने कपाळ पुसलं, पदर भुवयांपर्यंत ओढला आणि गॅदरिंगला शेवटच्या रांगेत जाऊन बसली. या गोष्टीबद्दल पुढे कधी ती बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

स्टुडिओ आमच्या घरापासून दोन चौक पलीकडे आहे. फोटोवाला माझ्याच वयाचा, अदबीने बोलणारा. आईला स्टुलावर बसवून म्हणाला, “मावशी, पदर जरा मागं घ्या. कान दिसायला पाहिजेत.”

“कान बगून काय करत्यात?” आई म्हणाली, पण पदर तिने खांद्यावर घेतला. परक्या पुरुषापुढे उघड्या डोक्याने बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. चष्मा काढून तिने माझ्या हातात दिला.

फोटो झाला आणि मोठ्या पडद्यावर उमटला. हातभर चेहरा, त्यात मधोमध गोंदण. नेमकी त्याच वेळी आमच्या कॉलेजातल्या एका मुलाची आई तिथे आली होती. मला ओळखून हसली. पडद्याकडे बघून म्हणाली, “अय्या, गोंदलंय ना? आमच्याकडे भांड्याला बाई येते, तिचंही सेम असंच आहे.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझे कान तापले. फोटोवाल्याने ते ओळखलं असावं. हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, कपाळावरचं काढू का? डागबिग आम्ही सगळ्यांचेच काढतो.”

“काढा,” मी म्हटलं. “हनुवटीवरचंही.”

त्याने माउस चार वेळा दाबला असेल, जास्त नाही. आई तीन हातांवर बसली होती. चष्मा माझ्या हातात असल्याने तिला पडद्यावर नुसता उजेड दिसत होता. “बरा आलाय का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “छान आलाय.” छापील फोटो पाकिटातून बाहेर न काढताच मी पर्समध्ये टाकले आणि त्याच रात्री तो फोटो ऑनलाइन अर्जावर चढवला.

मुंबईच्या व्हिसा केंद्रातली तारीख होती. काउंटरवर एक तरुण मुलगी. पासपोर्ट बघितला, संगणकात बघितलं, मग आईकडे बघितलं. आई पदर नीट करून, चष्मा लावून, ताठ बसली होती. मुलीने पडदा आमच्याकडे वळवला.

“आजी, हा तुमचाच फोटो आहे?”

आईने तो फोटो पहिल्यांदा पाहिला. मला वाटतं तिला ओळखायला एक क्षण लागला. पडद्याकडे तिने बराच वेळ बघितलं, माझ्याकडे मात्र एकदाही नाही.

“माजाच हाय.”

“मग कपाळावरचं कुठं गेलं? पासपोर्टवर तर आहे.”

सांगायची वेळ माझी होती. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण आई आधी बोलली. “मीच काडाय सांगितलं. बरं दिसत न्हाय म्हनून.”

“या वयात काय करायचंय आजी चांगलं दिसून?” मुलगी वैतागली. “फोटोत असा बदल केलेला चालत नाही. अर्ज नव्याने भरा, तारीख नवी घ्या.” मागे खुर्च्यांवर बसलेलं कुणीतरी हसलं. तिचा आवाज, तो वैताग, मान न उचलता कागद पुढे सरकवणं, सगळं मला ओळखीचं होतं. माझ्या खिडकीवर मी अशीच बोलते. आणि माझ्या वाट्याचं बोलणं आईला खाताना बघूनही मी गप्प बसले. वीस वर्षं चुरूचुरू चालणारी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. गोंदण काढायला मी सांगितलं, यापेक्षा मी तिथे गप्प बसले याची मला जास्त लाज वाटते. आजही वाटते.

परतीच्या गाडीत आईने डबा उघडला आणि चटणी-भाकरी माझ्या हातावर ठेवली. माफी मागायची सोडून मी तिच्यावरच खेकसले. “खोटं कशाला बोललीस?”

“तितं तुज्या वळकीचं कुणी आसलं म्हंजे? तुला नोकरी करायची हाय.” ती शांतपणे खात राहिली. थोड्या वेळाने, जणू दुसरंच काही सांगतेय अशा सुरात म्हणाली, “तुजं वडील गेलं तवा बायकांनी माजं कुकू पुसलं. एकजण हे बी घासाय लागली, तिला वाटलं काजळबिजळ हाय. पुसंना. मला लई बरं वाटलं बग तवा. म्हनलं, येवडं तरी ऱ्हायलं.”

मी भाकरी हातात घेऊन बसून राहिले. बायकांना जे त्या दिवशी पुसता आलं नाही, ते मी चार क्लिकमध्ये पुसून घेतलं होतं.

नवी तारीख सव्वीस दिवसांनंतरची मिळाली. फोटो चार दिवस आधीपर्यंत चढवला तरी चालणार होता, त्यामुळे स्टुडिओत जाणं मी उद्यावर ढकलत राहिले. कुठल्या तोंडाने आईला पुन्हा त्या स्टुलावर बसवणार? विसाव्या दिवशी बहिणीचा फोन आला. बाळ दोन आठवडे लवकर आलं होतं. मुलगी. व्हिडिओवर बहीण रडत होती. “आई, तू पाहिजे होतीस गं. रात्रभर तुझंच नाव घेत होते. एवढा उशीर झाला तरी कशाने?”

“फोटू बिगडला बाई,” आई म्हणाली. “मिशीनच तसलं.”

“ताईला मी सांगितलं होतं, नीट बघ म्हणून.”

“तिनं लई केलं गं माज्यासाटी. तिला काय बोलू नगंस.”

मी फोनच्या मागे उभी होते, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. बहिणीला खरं मी अजून सांगितलेलं नाही. डिंकाचे लाडू डब्यात तसेच होते. त्यातलाच एक आईने मला खायला दिला आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत गेलो. फोटोवाला उत्साहाने म्हणाला, “मॅडम, मागचा सेव्ह आहे की. तोच छापून देऊ?”

“नको,” मी म्हटलं. “नवीन काढा. आणि त्यातलं काहीही काढू नका.” हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं, आईला ऐकू जावं म्हणून. एवढंच मला जमलं.

आई न सांगता स्टुलावर जाऊन बसली. पदर तिने आपणच मागे घेतला, केस कानांमागे सारले, चष्मा काढून माझ्यापुढे धरला. मी तो घ्यायला वाकले, तर तिने तोंड वर करून माझ्याकडे वळवलं आणि डोळे मिटले. चौथीतल्या त्या गॅदरिंगच्या दिवशी मिटले होते तसेच.

“पावडर लावायची आसंल तर आत्ताच लाव बाई,” ती म्हणाली. “मागनं त्याला काडाय लावू नगंस.”

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती खरंच थांबली होती, मी लावेन म्हणून. मी तिचा चष्मा हातात धरून उभी होते.

“मावशी,” फोटोवाला म्हणाला, “डोळे उघडा की.”